कापसाच्या खोलीची कडी

प्रिय अहो,

'प्रिय' वाचून हसू नका. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता, अन् इथं यवतमाळले वैष्णवीच्या सासूचे कान लई तिखट, म्हणून लिहून राह्यली. पोरगी बाळंतपणातून सुखरूप उठली. नातवाचं नाक तुमच्यावर गेलं, बिचाऱ्याचं.

काल आपल्या पियुषनं फोनवर सांगतलं, बाबा मारेगावले कापूस विकून आले म्हणून. ऐकलं अन् मले पहिले ती कापसाची खोली आठवली. कापूस गेला, आता तुम्ही झोपाल कुठं? ऑपरेशननंतर लघवीची नळी होती तोवर वेगळी खाट ठीक होती. नळी निघाली, तर कापसाची राखण सुरू झाली. वरून आतून कडी! काहून, तर म्हणे उंदरं येतात. कोणता उंदीर दार ढकलून येते हो?

एकदा तुमच्या पाठीवर हात ठेवला, तर विंचू चावल्यासारखे उठून बसले. मले वाटलं, कॅन्सर परत आला अन् तुम्ही लपवून राह्यले. तवापासून तुम्ही नुसते खोकलले तरी माह्या तोंडचं पाणी पळते.

शेवटी इथं गच्चीवर जाऊन नागपूरच्या डॉक्टरीणबाईले फोन लावला. त्या म्हणाल्या, प्रोस्टेटचा रोग गेला, तपासणी साफ आहे. पण ऑपरेशनमध्ये नसा दुखावतात, पुरुषाचं ते बंद पडते. परत यायले कधी दोन वर्षंही लागतात, पूर्ण येईलच असं नाही. गोळ्या आहेत, दुसरे उपाय आहेत, पण उशीर करू नका अन् नवरा-बायको दोघं या. हे तुमाले तवाच सांगतलं होतं म्हणे! लाजेनं माहे कान तापले, तरी जीव भांड्यात पडला. अन् लगेच दुसरं भेव. इतके महिने तुम्ही हे एकटेच घेऊन कडीमागं पडून होते. घरात फवारणीचं औषध असते. मले काय काय सुचते, ते लिहीत नाही.

बुधवारी दोघांची वेळ घेतली आहे. सोमवारी मी येते. रागवा, बोला, पण तूर आणून ती खोली पुन्हा भरू नका. कडी काढून ठेवजा. काही नाही झालं तरी मले चालते. तुम्ही पाठ फिरवून झोपले तर नाही चालत. भेव मलेबी लागते हो. भ्यायचंच आहे तर एका खाटेवर भिऊ.

तुमचीच,
कोकिळा