सिनेमात मी नाही

न्यूयॉर्क, २ ऑक्टोबर १९५०, सोमवार
बाबांवरचा सिनेमा लागला— खोट्या नोटा छापणारा म्हातारा! भाजीवाल्या पास्क्वालेनं गल्ल्यामागे चौकट टांगलीय— आत एक डॉलरची खोटी नोट. "इर्माबाई, त्याच म्हाताऱ्यानं चिकटवली मला! एकच हं. एका दुकानात दुसरी कधी नाही— गरिबाचं नुकसान नको म्हणून. असा चोर भेटायला नशीब लागतं!"
"असं?" मी म्हणाले. कांदे घेतले. इथं कुणालाच ठाऊक नाही मी कुणाची मुलगी. त्यासाठीच तर जुनी वस्ती सोडली.

३ ऑक्टोबर
बाबा तुरुंगातून सुटून दाराशी आले होते. मी साखळीसुद्धा काढली नाही. "पोरींचा चर्चमधला पहिला प्रसाद आहे, सगळे पाहुणे येतील. येऊ नका." त्यांनी टोपी काढली, मान हलवली, गेले. दीड वर्ष झालं. ब्रुकलिनला राहतात. तासाचा प्रवास!

६ ऑक्टोबर, शुक्रवार
शुक्रवार म्हणून मासे केले. बाबांच्या विचारात जपमाळ अर्ध्यात राहिली.

७ ऑक्टोबर, शनिवार
नवऱ्याला न सांगता दुपारचा खेळ पाहिला. पडद्यावरचा म्हातारा थेट बाबांसारखा कॉफीत पाव बुडवतो. लोक हसत होते, डोळे पुसत होते. पण त्याला मुलगी नाही! शेवटपर्यंत वाट पाहिली— आता दार उघडेल, आता ती येईल. नाहीच आली.
बाबांनीच सांगितलं असेल, मला कुणी नाही. काय चुकलं त्यांचं?

१४ ऑक्टोबर, शनिवार
शेवटी मी बाबांकडे गेले. खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळी भाजून नेली. किती वाळलेत! आणि मी बसण्याआधीच विचारलं, "सिनेमात मी का नाही?"
"तीच तर माझी अट होती. गोष्टीतून मुलगी काढा, मग करारावर सही. तू चर्चला जाणारी बाई, पोरी शाळेत— तुझ्याकडे कुणी बोट दाखवायला नको." मग घास घेऊन, "खसखस हात राखून घातलीस. अगदी आईवर गेलीस!"
रडूच फुटलं.

२२ ऑक्टोबर, रविवार
बाबांना आमच्या चर्चमध्ये नेलं. पहिलाच बाक. दानाची परडी पास्क्वाले फिरवत होता. पेपरातल्या फोटोवरून त्यानं बाबांना ओळखलं. त्यांनी टाकलेला डॉलर उचलून उजेडाला धरला. मागे हशा.
मी उभी राहिले. "खरा आहे तो. हे माझे बाबा आहेत."
डॉलर मी पाहिलासुद्धा नव्हता.