फोटो पाचांचे, बाकी गर्दी

सर, तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं होत आली. मी तुमच्या लातूरच्या क्लासमधली, धर्माबादहून आलेली मुलगी. एवढ्यावरून तुम्हाला काही आठवणार नाही. तुम्हाला नावं पाठ असायची ती फक्त पाचजणांची, ज्यांचे फोटो दरवर्षी चौकातल्या फ्लेक्सवर लागायचे. आमच्यासाठी तुमच्याकडे एकच शब्द होता. टेस्टचा निकाल लागला की फळ्याला टेकून, नाकातून, अक्षरं ओढत तुम्ही म्हणायचात, "फोटो पाचांचे लागतात. बाकीचे तुम्ही सगळे गऽर्दी." आणि आम्ही हसायचो. हॉल भरून मुलं हसायची, कारण हे आपल्या शेजारच्याबद्दल चाललंय असंच प्रत्येकाला वाटायचं.

तुम्ही शिकवायचात मात्र फार चांगलं, हे खोटं कसं बोलू? तो पहिल्या महिन्यातला दिवस अजून दिसतो मला. तुम्ही दोन बाकांच्या मधे तार ताणून बांधताय, बोटानं छेडताय, आणि विचारताय, "आवाज कुठून आला?" कुणी तारेतून म्हणतं, कुणी बाकातून. मी मागून म्हणते, "सर, तार हवेला हलवती, हवा कानाला." तुम्ही थांबता. मला पुढं बोलावता आणि हातातला ट्यूनिंग फोर्क माझ्या हातात देता. "ठेव तुला." मग आडनाव विचारता. मी सांगते. "अस्सं," म्हणता आणि फळ्याकडे वळता. तो "अस्सं" मला तेव्हा ऐकूच आला नाही. मी फोर्क गुडघ्यावर आपटून कानाला लावत हॉस्टेलपर्यंत चालत गेले होते. पुढे गिटारची तार लावायला शिकले, ती त्याच फोर्कवर.

गिटार मला हॉस्टेल सोडून जाणाऱ्या एका ताईनं दिली. तोवर मी घसरत घसरत तुमच्या झेड बॅचमध्ये पोचले होते. ए पासून एफपर्यंत बॅचेस, आणि मग एकदम झेड. मधली अक्षरं तुम्ही गाळली होती, आमचं अंतर आम्हाला कळावं म्हणून. तिथं देवणीचा एक मुलगा माझ्यामागं बसायचा. बायलॉजीच्या तासाला तो कंपासपेटीवर बोटं वाजवायचा, इतकी जलद की पुढचे वळून बघायचे. मोबाइलवर आम्ही दोघं परदेशातल्या पोरांचे बँड ऐकायचो. तीन कॉर्ड, पळत सुटलेला ड्रम, आणि रडण्यासारखी गोष्ट उड्या मारत सांगायची. मला वाटलं, हे तर आपलंच आहे. क्लासच्या मागच्या पार्किंगमध्ये, सायकलींच्या मधे, आम्ही दोघांनी पहिलं गाणं बसवलं. हॉस्टेलच्या बाईंनी तुमच्याकडे तक्रार केली, आणि तुम्ही बाबांना फोन लावला.

बाबा धर्माबादहून आले. लग्नसराई होती, वाजवायची एक सुपारी सोडून आले होते. तुम्ही त्यांना ऑफिसात बोलावलं असतंत तर मी आज हे लिहीत बसले नसते. तुम्ही त्यांना चालू तासाला स्टेजवर उभं केलंत. माझी गिटार टेबलावर ठेवलेली. तुमच्या हातात माइक.

"काय करता आपण?"

"बँडमधी हाव, सर. क्लॅरनेट वाजवतो. लग्नात."

तुम्ही आमच्याकडे वळलात. "बघा. म्हणून म्हणतो मी, रक्त कुठं जातंय? आम्ही यांना डॉक्टर करायलो, आणि ही निघाली वरातीत." हॉल हसला. मग बाबांना म्हणालात, "घेऊन जा हिला. तुम्ही फुंका, ही वाजवंल. इथं गर्दी कमी होईल."

बाबांनी हात जोडले. "लेकरू हाय, सर. चुकलं. आता न्हाई करणार." माझ्याकडे न बघता त्यांनी हे तीनदा म्हटलं. तुम्ही गिटार उचलून कपाटात टाकलीत, किल्ली खिशात घातलीत आणि "पान उघडा" म्हणालात.

नंतर बसस्टँडवर आम्ही दोघं सिमेंटच्या बाकावर बसलो होतो. नांदेडची गाडी लागली नव्हती. बाबांनी चहा घेतला नाही. मग म्हणाले, "त्या गिटारचा आवाज कसा असतोय गं? मी जवळून ऐकलाच न्हाई कधी."

मी सांगायला गेले आणि मला रडू फुटलं. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. गाडी आली तेव्हा म्हणाले, "पेपर तेवढे दे. मग बघू." मी पेपर दिले. नंबर लागला नाही. तुमचा अंदाज बरोबर ठरला, सर.

मी नांदेडला बीएस्सीला आले, आल्यावर एक जुनी गिटार घेतली. देवणीचाही आला. तिथं मंडपवाल्याचा मुलगा आमच्या वर्गात होता, त्यानं बेस गिटार धरली. त्याच्या वडिलांच्या गोडाऊनमध्ये, गाद्यांच्या थप्प्यांच्या मधे, आम्ही तिघं दुपारभर वाजवायचो. आवाज बाहेर जायचा नाही, आणि सगळ्या अंगाला कापूस चिकटायचा. बँडचं नाव ठेवलं झेड बॅच. तिथंच एक दिवस देवणीच्याला फोन आला. फोन ठेवून तो म्हणाला, "सर गेले. शिकवता शिकवताच पडले म्हणायलेत." मी तेव्हा तार बदलत होते. मला वाईट वाटलं नाही. राग आला. मला वाटलं, हा माणूस सुटला. मी अजून एक ओळ लिहिली नव्हती आणि ज्याला ऐकवायचं तोच निघून गेला.

त्याच आठवड्यात गाणं लिहिलं. 'आम्ही गर्दी, आम्ही गर्दी, फोटोमधी मावत न्हाई.' मधे ड्रम थांबतो आणि मी तुमचा आवाज काढते. तसाच नाकातून, तसाच ओढत: गऽर्दी. कॉलेजच्या गॅदरिंगला पहिल्यांदा गायलं तेव्हा प्राध्यापकांनी माइक बंद केला. पोरांनी बिनमाइकचं म्हटलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. दोनतीन वर्षं त्याचं काही झालं नाही, आम्ही वाढदिवसांना आणि गणपती मंडळांत वाजवत राहिलो. बिलोलीत एका मंडळानं आम्हाला अर्ध्यातून उतरवून डीजे लावला होता. आणि मग एका वर्षी मेडिकलचा निकाल लागला, आणि ज्यांचा नंबर लागला नाही त्या पोरांनी आमच्या गाण्यावर स्वतःचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. हातात मार्कांचा कागद, आणि मागं माझ्या तोंडून तुमचा आवाज. लातूर, नांदेड, मग कोटा, मग आम्ही नाव न ऐकलेली गावं.

पुढचं भराभर झालं. पुण्यातल्या एका कंपनीनं बोलावलं. तिथला माणूस म्हणाला, "'न्हाई'चं 'नाही' करा, म्हणजे सगळीकडे चालेल." देवणीचा म्हणाला, "मग तुम्हीच म्हणा." आम्ही उठून आलो. सहा महिन्यांनी त्याच माणसानं 'न्हाई'सकट गाणं घेतलं. सिनेमात गेलं. मुंबईत, दिल्लीत, मराठीचा गंध नसलेली पोरं मैदानात उड्या मारत "गऽर्दी" ओरडायला लागली. दर वेळी ती ओरडायची आणि दर वेळी मला आतून गार वाटायचं. तुमचे ते पाच फोटो आता कुणाला आठवत नाहीत. तुम्ही शिकवलेलं काही कुणाच्या लक्षात नाही. तुमचा फक्त तो एक शब्द उरलाय, आणि तोही माझ्या तोंडातला. हे मी ठरवून केलं, सर. त्यात माझं वय गेलं तरी चाललं असतं.

या वर्षी तुमच्या मुलाचा फोन आला. क्लास आता तोच चालवतो. "ताई, तुम्ही आमच्याच विद्यार्थिनी. गॅदरिंगला या ना." चौकात फ्लेक्स लागला, आम्हा तिघांचे फोटो आणि खाली 'आमचा अभिमान'. देवणीचा म्हणाला, "जायचं न्हाई." मी म्हटलं, "मी तर जाणारच." बाबांना धर्माबादहून गाडी करून आणलं आणि पहिल्या रांगेत, मधोमध बसवलं. स्टेजवर तुमचा हार घातलेला फोटो होता. मुलानं बाजूला ठेवायला घेतला. मी म्हटलं, "राहू द्या. सरांनाही ऐकू द्या."

वाजवलं. ड्रम थांबला, मी तुमचा आवाज काढला, आणि तुमच्याच हॉलमधल्या शेकडो पोरांनी तुमच्या फोटोसमोर तो शब्द असा फेकला की ट्यूबलाइट थरथरली. तुमच्या मुलाचं तोंड उतरलं. त्याला त्या क्षणी कळलं, हे गाणं कुणावर आहे ते. मी गिटार खाली ठेवली आणि नमस्कारही न करता उतरले.

मागच्या खोलीत एक म्हातारी बाई दारात उभी होती. मी ओळखलं नाही. म्हणाली, "मी सरांची मिसेस." मी तयारच होते. आता ही बोलणार, आणि हिलाही सुनावून जायचं, असं ठरवून मी उभी राहिले.

"लई मोठ्यानं म्हणलीस गं," ती म्हणाली. "आवाज पण हुबेहूब त्यांचा."

ती आत आली.

"घरी पण हेच. पाहुणे आले, पोरं आली, की मला म्हणायचे, तू आत जा, गर्दी करू नको." पदरानं तिनं ओठ पुसले. "जन्मभर आतच गेले की मी. आता एक डाव पुन्हा म्हण. मला शब्द पाठ करायचेत."

तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी हळू आवाजात पूर्ण गाणं म्हटलं. त्या शब्दाशी आले तेव्हा थांबले. काकूंनी तो स्वतः म्हटला, दोनदा, आणि दुसऱ्यांदा हसल्या. निघताना माझ्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "येत जा."

परत नांदेडला येताना बाबा गाडीत म्हणाले, "तू एकदा पण माझ्याकडं बघितलं न्हाईस गं गाताना." मी म्हटलं, डोळ्यांवर लाइट होता. लाइट नव्हता. मी पूर्ण वेळ तुमच्या फोटोकडे बघत होते. मुंबईत, दिल्लीतही मी मैदानात उभी राहिले की मागच्या रांगांतून तुम्हालाच शोधते. तुम्ही जिवंत असतात, सर, तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. तुम्हाला बरं वाटलं असतं.