पन्नासाव्या पानावर दिलेला निकाल

मी, नलू श्रावण मुनेश्वर, वय एकाहत्तर, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापक, राहणार ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. डॉ. मोनाली यांनी आज सकाळी मला तपासून ‘स्मरणशक्ती उत्तम’ असा दाखला दिला. मी ‘अचूक’ हा शब्द सुचवला होता.

कलम १. माझ्या कमाईतून बांधलेले ढाणकीचे घर, समोरची खोली वगळून, माझे धाकटे बंधू धर्मपाल यांना मिळावे. या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही तेच राहतील. घरात त्यांना हवे ते बदल करता येतील. भिंतींना गुलाबी रंग मात्र देऊ नये.

कलम २. बँकेतील ठेव झरी जामणी तालुक्यातील त्या शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी, जिथे मी पहिली दोन वर्षे शिकवले. त्यातून फक्त अद्भुत कादंबऱ्या आणि विज्ञानकथा घ्याव्यात. निवडीचे निकष माझे राहतील. ज्या ड्रॅगनला भूक लागत नाही, तो ड्रॅगन नव्हे, सजावट आहे. ज्या जादूने करणाऱ्याचे काहीच खर्ची पडत नाही, ती लेखकाची पळवाट आहे. आणि ज्या कथेत शूर गुराखी शेवटी राजाचा हरवलेला मुलगा निघतो, ती कथा घेऊ नये. माझे वडील श्रावण ढाणकीच्या बाजारात पोती उचलत. माणसाची किंमत जन्मावरून ठरत नाही, हे जाहीरपणे सांगण्यासाठी त्यांनी १९५६ साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या मुलीने चारशे पाने वाचावीत आणि शौर्यही रक्तातूनच येते असे तिला सांगितले जावे, हा मी अपमान समजते. तरी असे एखादे पुस्तक ठेवावे. मुलांना फरक ओळखता आला पाहिजे.

तीनशे वर्षांनंतर जात उरली नाही, असे एका वाक्यात उरकणाऱ्या विज्ञानकथाही मला खटकतात. ती कोणी घालवली, कशी घालवली, याबद्दल त्यांत अवाक्षर नसते. पण ती गेलेली असू शकते, एवढी कल्पना कोणीतरी केली, याचे गुण मी देते.

कलम ३. प्रा. उत्तमसिंग राठोड स्टाफरूममध्ये माझ्या हातातले पुस्तक पाहून अठ्ठावीस वर्षे मला विचारत राहिले, “मॅडम, राक्षस मेला का?” त्यांना ताऱ्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणाऱ्या जहाजाची माझी जाड कादंबरी द्यावी. त्यांचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घालत. वाटेत जन्मलेले मूल कोणत्या गावचे, हा प्रश्न त्या लेखकापेक्षा त्यांना नीट कळेल. त्यांनी ती वाचावी आणि राक्षस शोधावा.

कलम ४. समोरची खोली आणि तिच्यातील सहाशे चाळीस पुस्तके माझी भाची, धर्मपालची मुलगी पायल, हिला. याचे कारण मला नोंदवावे लागत आहे.

चार वर्षांपूर्वी पायलने स्वतः लिहिलेली कादंबरी माझ्याकडे दिली. पुस्तकाला पन्नास पाने द्यायची, त्यात ते उभे राहिले नाही तर मिटायचे, हा माझा चाळीस वर्षांचा नियम. शेहेचाळिसाव्या पानावर तिच्या नायिकेच्या, जमनीच्या, खांद्यावर राजघराण्याची खूण सापडली. पन्नासाव्या पानावर मी शेरा लिहिला : ‘जन्मसिद्ध नायिका. नापास.’ पायलने गठ्ठा उचलला आणि ती निघून गेली. आता ती मारेगावला बियाण्यांच्या दुकानात काम करते. ~~ती लिहीत नाही.~~ (सही)

गेल्या आठवड्यात झेरॉक्सवाला संघदीप माझ्या दारात आला.

“मॅडम, पायलचं पुस्तक तुमी पुरं वाचलं काय?”

“पन्नास पाने. माझा नियम आहे.”

“मंग नापास काहून केलं? मी झेरॉक्स काढता काढता पुरं वाचलं. गिऱ्हाईक बोंबलून राह्यलं होतं, तरी वाचलं!”

काळे डाग पडले म्हणून बाजूला ठेवलेली एक प्रत त्याने माझ्या हातात दिली. दोनशे बाराव्या पानावर उलगडते की ती खूण महालाच्या माणसांनीच गावोगावच्या हजारो मुलींच्या खांद्यावर गोंदवली आहे. प्रत्येकीने आपल्याला महालातून बोलावणे येईल म्हणून गप्प वाट पाहावी, हा त्यामागचा हेतू. मला आयुष्यभर जे म्हणायचे होते, ते माझ्या भाचीने मांडले होते. मी कोणत्याही विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका अर्धी तपासली नाही, हिची तपासली. सबब तो निकाल मी मागे घेते.

कलम ५. वरील मजकूर वाचल्यावर साक्षीदार संघदीप म्हणाला, “हे तुमी मेल्यावर सांगान काय तिले? मंग कोणाच्या कामाचं?” आक्षेप तर्काला धरून असल्याने मी सर्वांसमक्ष पायलला फोन केला.

“आत्या? तुले बरं नाई काय?”

“मी ठीक आहे. तुझी कादंबरी पूर्ण वाचली. माझा निकाल चुकला.”

ती म्हणाली, “पण आत्या, पयले पन्नास पानं खरंच बेकार होते. चार साल झाले, तेच बदलवून राह्यली.”

“म्हणजे तू लिहितेस?”

“मंग काय! तुया नापासनं हात बांधून बसली असती काय मी?”

सबब कलम ४ मधील ‘ती लिहीत नाही’ हे विधान खोटे ठरल्याने खोडले असून त्यापुढे माझी सही आहे. एकाच भाचीबाबत माझ्या या दोन चुका झाल्या. हे कलम वगळावे असा वकिलांचा सल्ला होता. मी ते ठेवले आहे. पायल येत्या रविवारी नवी पाने घेऊन ढाणकीला येत आहे. ती मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आहे, आणि त्यानंतर ती जे लिहील तेही. तोवर हे मृत्युपत्र कोणाला उघडावे लागू नये, असा माझा इरादा आहे.

वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) नलू श्रावण मुनेश्वर

साक्षीदार :
१. (सही) डॉ. मोनाली पाझारे, ढाणकी
२. (सही) संघदीप भगत, झेरॉक्स व्यावसायिक, ढाणकी. साक्षीदार असल्याने यास काहीही दिलेले नाही. दिले तरी चालते, असे वकील म्हणतात. मी धोका पत्करत नाही.

स्थळ : ढाणकी
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५