बेचक्यातली पोकळी

४ नोव्हेंबर, मंगळवार
ओंडका लेथवर चढवला. आठ महिने सावलीत वाळवला होता. बसथांब्याजवळचं झाड पाडलं, त्याच दिवशी लाकूडवाल्याकडून बेचक्याचा हा तुकडा आणला – दोन्ही टोकं खणखणीत. याचा वाडगा करणार आणि झाडतोडीच्या चौकशीत अधिकाऱ्याच्या टेबलावर आपटणार. ते पाडायला लावणारा वृक्ष निरीक्षक म्हणतो, झाड आतून कुजलं होतं. मी म्हणतो, धडधडीत खोटं! चौकात चार सभा घेऊन म्हटलंय. ‘झाडखाऊ’ हे नावही मीच ठेवलं. पोरं आता त्याच्या दारावर खडूने लिहितात. लिहू देत. निलंबित होऊन घरी बसलाय. चौदाला माझी साक्ष झाली की कायमचाच बसेल.

५ नोव्हेंबर
बाहेरून गोल झाला. पटाशी दाबून धरली होती. बायको म्हणाली, “जरा हळू. लाकडाने तुमचं काय वाईट केलंय?”
“राग लाकडावर नाही.”
“हात तर लाकडावरच आहे.”

७ नोव्हेंबर
आतून कोरायला घेतलं. दोन बोटं खोल गेलो आणि आवाज बदलला. लांब सालपटं थांबली, तपकिरी भुकटी उडायला लागली. लेथ बंद केला. मधोमध पोकळी – मूठ जाईल एवढी. कडेला बोट दाबलं तर लाकूड पावासारखं दबलं.
संतापलो. झाडावर! बाहेरून एवढं धडधाकट दिसायची काय गरज होती?

८ नोव्हेंबर
दिवसभर स्वतःशी वाद. एक बेचकं कुजलं म्हणजे अख्खं झाड कुजलं का? वाद मीच जिंकलो, नेहमीसारखा. मग आठवलं – या बेचक्यातून निघालेली फांदी थेट थांब्यावरच्या बाकावर झुकलेली होती. शाळा सुटली की मुलं तिथे बसतात. निरीक्षक हेच सांगायला सभेत उठला होता. “माईक भाषण करणाऱ्यांसाठी असतो, झाडं खाणाऱ्यांसाठी नाही,” म्हणालो. लोक पोट धरून हसले.

९ नोव्हेंबर
पोकळी रेझिनने भरायची – ओतलं की काचेसारखं घट्ट होतं. एरवी कुजकं लाकूड गिऱ्हाईक हौसेने मागतं – जेवढी भोकं, तेवढी शोभा. रेझिन कालवायचं काम हिचं. मी म्हटलं, “गडद हिरवा रंग घाल. आरपार दिसायला नको.”
ती ढवळत राहिली. “कुणाला दिसायला नको?”
“तुला काय कळतंय यातलं?”
“दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर, एवढं कळतं. आणि तुम्ही खोटं बोलणार असलात की तुमचा आवाज चढतो, तेही.”
दार आपटून बाहेर गेलो. भाषणांत मी लोकांना सांगत आलो की सत्तेला सवाल करा. घरात एकीने केला तर दार आपटलं.

१० नोव्हेंबर
तिने रंग न घालताच ओतलंय. पाण्यासारखं स्वच्छ. भांडलो. जेवलो नाही.

१३ नोव्हेंबर
रेझिन घट्ट झालं. कातलं, घासलं, पॉलिश केलं. कुजका धागान् धागा दिसतो, काचेमागे ठेवल्यासारखा. इतका सुबक वाडगा माझ्या हातून आजवर झाला नव्हता. त्याचाही राग आला.

१४ नोव्हेंबर
वाडगा टेबलावर ठेवला – आपटला नाही. झाड कुजलेलं होतं, मी चुकलो, एवढंच बोललो. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, मी सही केली.
बाहेर निरीक्षक उभा होता. म्हटलं, “सुटलात तुम्ही.”
“कागदावर सुटलो,” तो म्हणाला. “बदनामी तुम्ही बंद खोलीत केली नव्हतीत.”
तिथूनच चौकात गेलो, रविवारची सभा ठरवली.

१६ नोव्हेंबर, रविवार
चौकात सभा घेतली. चूक कबूल केली, शब्द न् शब्द तोलून. एवढ्या टाळ्या आयुष्यात पडल्या नव्हत्या. असा प्रामाणिक माणूस शोधून सापडायचा नाही, म्हणाले.
घरी आल्यावर बायकोने विचारलं, त्या निरीक्षकाचं नाव काय हो?
मला माहीत नाही. साक्षीच्या कागदावर असणार. मी न वाचताच सही केली.