अनसिंगात रेणू राहत नाही

वाशीम, ४ ऑगस्ट २०२४

चि. ऋषिकेशभाऊजींना अ. उ. आ.

तुमच्या फोनला अनसिंगात रेंज नसते, म्हणजे माझ्यापुरती नसते, म्हणून हे पत्र. जाऊबाईंची कंबर आता कशी आहे?

शाळेत रुजू झाले. पहिला पगार खात्यात आला आणि तिथंच बसला. बँकेतली पोरगी म्हणाली, मॅडम, तुमचं खातं आयकरवाल्यांनी धरून ठेवलंय. मग त्यांच्या कार्यालयात गेले. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडून मी तीन वर्षं अनसिंगात राहिले, तेव्हा माझ्या खात्यात पोत्यानं पैसा येत होता म्हणे. तुम्हीच म्हणाला होतात ना, वहिनी, तुमचं खातं रिकामंच पडून हाये, जरासं वापरतो? मी सासूबाईंची कूस बदलण्यात गुंतलेली. तुम्ही दाखवलं तिथं सही केली.

हा पैसा कुणाचा, असं विचारणारी पत्रं साहेबांनी पाठवली होती. ईमेल जुन्या नोकरीचा, तो नोकरीबरोबरच गेला. टपालानं आलेली अनसिंगहून परत गेली. पाकिटावर शेरा आहे: रेणू नावाचे कोणी येथे राहत नाही. अक्षर फार ओळखीचं वाटलं. उत्तर आलं नाही, म्हणून तो सगळा पैसा माझाच धरून साहेबांनी माझ्यावर कर लावला.

तुमचे दादा म्हणतात, भावाभावांत वाकडं नको. म्हणून भांडत नाही, विचारते फक्त. पोरांना गोड पापा. लोभ आहेच, पगारासारखा अडकलेला.

तुमची वहिनी


अनसिंग, ११ ऑगस्ट

ती. सौ. निता वहिनींस शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही कारण आजकाल लोकं रेकॉर्डिंग करून राह्यले. त्यापेक्षा पत्र बरं.

पोस्टमन नवा हाये. त्यानं विचारलं, रेणू कोण? आता लग्नात करणदादानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तुमचं नाव निता लिहिलं, साऱ्या गावानं पेढे खाल्ले. आमच्या घरी निता हाये. मी खोटं कायले बोलू?

खात्याचं म्हणाल तर मले काही आठवत नाही. तुमी तीन वर्षं घरी आरामात होत्या, तवा एक कागद पाहाले फुरसत भेटली नाही अन् आता माह्यावर बिल फाडून राह्यल्या. राग नसावा. दादाले नमस्कार.

आपला, ऋषिकेश


वाशीम, २० ऑगस्ट

चि. ऋषिकेशभाऊजींना अ. उ. आ.

पत्र पोचलं. आराम हा शब्द आवडला. बँकेत पैसे भरताना स्लिपवर रेणू हे नाव तुम्ही न चुकता लिहीत होतात, त्यामुळं तुमच्या स्मरणशक्तीची काळजी वाटते. बदाम खात जा.

पण तुम्हाला काही आठवत नाही, हे वाचून जीव हलका झाला. म्हणजे पैसा माझाच. साहेबांचंही तेच म्हणणं. शेवटी भरलेला पैसा अजून खात्यातच आहे. कर भरून खातं मोकळं झालं की त्यात वाशीमला एक प्लॉट घ्यावा म्हणते. पाटीवर नाव रेणू.

कुणाची हरकत असेल तर लेखी कळवावी, आणि रेणूच्या नावानं. त्या खात्याशी निताचा काय संबंध?

जाऊबाईंना सांगा, वास्तुशांतीला यायचंय.

तुमची वहिनी


अनसिंग, २३ ऑगस्ट

सौ. रेणू वहिनींस,

हे काय डोकं लावून राह्यल्या तुमी? रेणू यांच्या खात्यातला एकूणएक पैसा माह्या सोयाबीनच्या धंद्याचा हाये. रिसोडच्या मार्केटात माल मीच विकला, पैसा मीच भरला, मीच काढला. पासबुक अजूनही माह्याजवळ हाये. तुमाले तर खात्याचा नंबर बी पाठ नव्हता. पैसा कमावाले तुमी गेल्या कुठं? तीन वर्षं आईच्या खाटेपासून हलल्या नाही, साऱ्या अनसिंगाले ठाऊक हाये.

हे मी शपथेवर, सही करून लिहून देतो. प्लॉटचा विचार डोक्यातून काढा.

ऋषिकेश


वाशीम, ३० ऑगस्ट

चि. ऋषिकेशभाऊजींना अ. उ. आ.

तुमचं पत्र वाचून डोळे भरून आले. मग झेरॉक्स काढली. मूळ पत्र त्या कराविरुद्धच्या माझ्या अपिलाला जोडलं. साहेब म्हणाले, इतकं स्वच्छ वकिलालाही लिहिता येत नाही. खाटेचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मी अजून वाचते आहे.

प्लॉट वगैरे काही पाहिलेला नाही. पैसा तुमचाच, त्यावरच्या करासकट. मला माझा पगार पुरे.

आता आयकराचं पाकीट तुमच्या नावानं येईल. पोस्टमनला मी कार्ड टाकून कळवलंय की ऋषिकेश तिथंच राहतात. लग्नात तुमचं नाव काही कुणी तांदळात बदललं नव्हतं.

जाऊबाईंच्या कंबरेला शेक द्या. यापुढंही लोभ असावा, आणि असाच लेखी असावा.

रेणू