व्हय म्हणतानाचा चेहरा

गुरु. १५ जाने.

संध्याकाळी रेंजच्या दगडावर, वाडीत फोन लागतो तो इथंच. उद्या पुण्याला निघते, हे दत्ताला सांगितलं. स्पीकर लावूनच, कारण फोन कानाला लावला की तिथं आवाज तुटतो. त्यामुळे सगळ्या वाडीने ऐकलं. बाळूमामा तिकडून ओरडले, "दत्ता, बायको येतीया रे, खोली झाड!" हशा.

आत्ती, माझ्या सासूबाई, कोपराशी उभ्या. लेकाचा आवाज ऐकायला रोज हा चढ चढतात आणि बोलत काहीच नाहीत. शेवटी फक्त "जेवलास?"

मी विचारलं, "शिमग्याला येतोस न्हवं? कायमचा?"

"व्हय व्हय. येतो."

दगडावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

बुधवारी सभा. वाघांच्या राखीव रानासाठी वाडी सोडून खाली राहायला जायचं की नाही, ते घराघराने सांगायचं आहे. जबरदस्ती नाही, असं वन खात्याची माणसं चहा पिऊन, नीट बोलून सांगून गेली. तेच जास्त अवघड. जबरदस्ती असती तर मी एकटी पुरे पडले असते. आतापर्यंतच्या सभा मी एकाच मुद्द्यावर राखल्या: पोरं परत येणार आहेत, त्यांच्यासाठी जागा धरून बसायचंय. पुरावा काय? माझा नवरा. नाव घेऊन सांगितलंय मी. शिमग्याला येणार, नांगराला हात लावणार.

काही घरं डळमळतायत. त्यांना दत्ता डोळ्यांपुढे दिसायला हवा. त्याला बुधवारसाठी सोबत घेऊनच यायचं. एक दिवस माझ्या शेजारी उभा राहिला तरी पुरे.

शुक्र. १६

गुंदपर्यंत चालत, मग बस. पिशवीत मुडलीचे कंद, तांदळाचं पीठ, आत्तींनी दिलेले तीळ. आणि दोन जाड पुस्तकं, जमीन आणि हक्क यांवरची. त्याच्यापुढे मुद्दा अडला तर असावीत म्हणून. आता लिहिताना हसू येतंय. नवऱ्याला भेटायला कोण संदर्भ घेऊन जातं?

रामनगरला चहाच्या दुकानातली बाई ओळखीची. "काय, भाषणाला चाललीस?"

"न्हाई. नवऱ्याकडं."

"मग घसा राख जरा."

लोंढ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत मनात घोकत बसले. सुरुवात त्याच्या वडिलांनी घातलेल्या बांधापासून करावी की सरळ बुधवारपासून? गणपतीनंतर भेट नाही. गणपतीतही घर माणसांनी भरलेलं, दोघांना कोपरा मिळाला नाही. परत येण्याचं सगळं ठरलं ते नंतर, दगडावर. फोनवर.

शनि. १७

स्टेशनवर आला होता. दोन्ही पिशव्या काढून घेतल्या. अंगाने भरलाय. डोळ्यांखालचं काळं गेलंय. बसमध्ये मी म्हटलं, "पुण्याचं पाणी मानवलं म्हणायचं." तो हसला आणि हळू आवाजात म्हणाला, "हळू बोल गे, बस चालू व्हायची हाय अजून, समद्यांना ऐकू जातंय."

खोली कारखान्यापासून जवळ. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, खिडकी. स्वच्छ. खिडकीखाली नवीन फळ्या, सुताराकडून करून घेतलेल्या, भिंतभर. एकही वस्तू नाही त्यांवर. मी विचारलं, "हे काय?"

"तुझी पुस्तकं."

तोच दाखवत राहिला. वाचनालय चालत जाता येतं. चौकापलीकडे एक हॉल आहे, तिथं व्याख्यानं असतात. आत जाऊन बसून आलाय. "तुझ्यासारखं एकबी बोलत न्हाई," म्हणाला. त्याला व्याख्यानांचं काय पडलंय. माझ्यासाठी जाऊन बसला.

त्याला दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. भांडता आलं असतं.

दुपारी कंद तव्यावर भाजायला घेतले. धूर झाला. शेजारच्या काकू दारात. "अहो, काही जळतंय का? आणि मघाशी भांडण होतं का?" भांडण नव्हतं, मी आत्तींच्या गुडघ्याबद्दल सांगत होते. दत्ता लाजला. मी म्हटलं, "काकू, आमच्याकडं एवढ्या आवाजात बोललं तरच दरीपलीकडं ऐकू जातंय." काकू म्हणाल्या, "इथे दरी नाही हो, आमची भिंत आहे." पण कंद खाऊन गेल्या, वर दोन मुलाला नेले.

संध्याकाळी तो कुकर लावत होता. मी सहज विचारलं, रोजच्यासारखं. "शिमग्याला येतोस न्हवं?"

"व्हय व्हय."

हा व्हय मी कितीदा ऐकलाय. तो म्हणतानाचा चेहरा कधी पाहिला नव्हता. कुकरच्या झाकणाकडे बघत होता. जबडा घट्ट. मास्तरांनी विचारल्यावर खोटं सांगणाऱ्या मुलाचा असतो तसा चेहरा.

मी ताटं घेतली. जेवलो. बुधवारचं काढलंच नाही. पहिल्यांदाच असं झालं, की शब्द होते आणि मी बोलले नाही.

रवि. १८

सकाळी चहा झाल्यावर सांगितलं. बुधवारी चल. सगळ्यांपुढे एकदा म्हण की येतोय.

"न्हाई येत मी."

"बुधवारी?"

"कधीच न्हाई, सुली."

मग मी बोलले. किती वेळ, माहीत नाही. बांध, त्याचे वडील, देवराई, कायदा काय देतो, आपण सोडलं तर उरलेली घरं कशी एकेक करून सुटतील. चांगलं बोलले असणार. तो भिंतीला टेकून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "छान बोललीस."

मारलं असतं तर कमी लागलं असतं.

मी ओरडले. मग व्हय कशाला म्हणत होतास? सभेत मी तोंड कुणासाठी झिजवलं?

"दगडावर काय म्हणू मी? स्पीकर तू लावतीस. आई हुबी, बाळूमामा हुबा, समदी वाडी हुबी. तू प्रश्न इचारत न्हाईस गे, तू हात वर कराय सांगतीस."

"एकट्यानं फोन करायचा हुतास."

"तू एकटी कधी असतीस तिथं?"

काकूंनी भिंतीवर टकटक केली. मग तो हळू बोलला, आणि हेच लिहून ठेवायचं आहे. म्हणाला, शाळेत जायच्या आधीपासून मी शेतातल्या माळ्यावर, मचाणावर, राखणीला. भात पोटरीला आलं की रात्रभर डबा वाजवायचा. रानडुक्कर, गवे. बाबा एका माळ्यावर, मी दुसऱ्यावर. डोळा लागला की बाबा हाक मारायचे, मी ओ द्यायची. ओ आली नाही तर चढून येऊन उठवायचे. "तू भाषणात म्हणतीस रानाच्या कुशीत वाढलो. मी झोपलोच न्हाई गे त्या कुशीत. हितं रात्री कोण हाक मारत न्हाई. मला झोप लागतीया."

वाघावर उत्तर आहे माझ्याकडे. कायद्यावर आहे, पूर्वजांवर आहे. वाचलेल्या सगळ्या पानांत झोपेवर काही नाही.

त्याच्या डोळ्यांखालचं काळं गेलंय हे मला कालच दिसलं होतं.

मी म्हटलं, मग माझं काय? म्हणाला, "तू ये. सभा संपली की ये. फळ्या कशाला केल्यात?" मी म्हटलं मी तिथून उठले तर वाडी उठली. म्हणाला, "आणि न्हाई उठलीस तर?"

बसपर्यंत सोडायला आला. खिडकीतून तिळाचे लाडू दिले, आत्तींसाठी. पाकात तीळ जास्त झालेत, त्यानेच केलेत. गोड बोल, असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही.

सोम. १९

बेळगाव स्टँडवर सकाळ. पुस्तकं उघडलीच नाहीत, ओझं तेवढं वाहिलं. एक पुस्तक फळीवर ठेवून आलेय. मुद्दाम की विसरून, मलाच सांगता येत नाही.

गुंदहून चढताना एकेक जण भेटत गेला. "काय, दत्ता कवा येतोय?" "आला न्हाई संगट?" मी प्रत्येकाला म्हटलं, कामावर आहे. खोटं नाही. सभेत असलं उत्तर कुणी दिलं असतं तर मी त्याला उभं सोललं असतं.

आत्ती अंगणात भात वाळवत होत्या. लाडू हातात दिले. एक फोडून बघितला. "तीळ लई झालं. त्येनंच केलं?"

"व्हय."

"काय म्हणाला?"

मी तोंड उघडलं.

"नगो. सांगू नगो." उठल्या, पायाने भात पसरायला लागल्या. "मी शेजारी हुबी ऱ्हाते म्हणून त्यो व्हय म्हणतोय, मला कळत न्हाई व्हय गे? तेवढं ऐकाया तर चढते मी. तेवढं तरी ठेव."

म्हणजे माहीत होतं. किती जणांना माहीत असेल? दगडावर माना हलवणाऱ्या सगळ्यांनाच? सगळी वाडी एका शब्दाला धरून उभी आणि तो शब्द पोकळ आहे हे जो तो जाणून. आणि मी त्यावर भाषणं रचली.

आत्तींनी संध्याकाळी विचारलं, "चल, दगडावर?" मी डोकं दुखतंय म्हटलं. त्याही गेल्या नाहीत.

मंगळ. २०

उद्या सभा. सकाळपासून भाषण मांडतेय. त्याचं नाव असलेलं वाक्य काढलं. मग त्याच्या पुढचं पडलं. मग त्याच्या आधीचं. उरलं ते एवढंच, की मला इथं राहायचंय. हा मुद्दा नाही. ही माझी गरज. यावर हात वर करा असं कुणाला सांगू?

आणि सोडून जावं तरी कसं? डोळे मिटले की त्या रिकाम्या फळ्या दिसतात. उघडले की हे खळं.

दुपारी सगळे भाताच्या मळणीला गेले तेव्हा दगडावर आले. इथं कुणी नाही. असं मी हा दगड कधी पाहिला नव्हता. त्याची जेवणाची सुट्टी. फोन लावला, स्पीकर बंद, कानाला घट्ट.

"कोण कोण हाय?" पहिलं हेच विचारलं त्याने.

"कुणी न्हाई."

"आई?"

"घरात हाय. स्पीकर बंद हाय, दत्ता. मी एकटीच."

आवाज तुटत होता, तरी ऐकू येत होतं. मी म्हटलं, उद्या तुझं नाव घेणार नाही. व्हय म्हणू नको, न्हाईही म्हणू नको. माझ्या प्रश्नाला उत्तर देऊ नको. तुला माझ्याकडून काय हवंय, ते सांग. भाषण करणार नाही मी.

पलीकडून कारखान्याच्या यंत्रांची घरघर. मग म्हणाला, "थांब. ठेवू नगो. बाहेर येतो."

थांबलेय. एका हाताने फोन, दुसऱ्याने हे. दार वाजलं. यंत्रं मागे पडली. त्याच्या चपलांचा आवाज, मग तोही थांबला. श्वास ऐकू येतोय.

खाली वळणावर आत्तींचं हिरवं लुगडं दिसतंय. गुडघ्यावर हात ठेवून चढतायत. इथवर यायला त्यांना थोडा वेळ लागेल, तोवर मी एकटीच.

तो अजून बोललेला नाही. मी विचारत नाहीये.