विश्रांती शून्य

सोमवार, ३ मार्च

पोरी, कंबर कशी आहे तुझी? जावईबापूंचा खोकला उतरला का? धाकटीचा हलणारा दात पडला, की अजून जिभेने ढकलतेच आहे? विहीणबाईंच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. माझं विचारशील तर ठणठणीत. रोजनिशीची माझी खोड तुला ठाऊक. या खेपेला ती तुलाच उद्देशून लिहितोय. पानं साठली की इथला धोबी टपालपेटीत टाकेल.

म्हाताऱ्यांचं हे शुश्रूषागृह फार छान आहे. मला नोकरी, तुझ्या आत्याला शेजारची खोली, आणखी काय हवं? आक्का आल्या आल्या म्हणाली, की साठीनंतर पुस्तकं चाळून कॉम्प्युटर शिकलेल्या भावाच्या हाती तिने स्वतःला दिलंय, आता देवच राखो. तिच्याच खोलीतले, खिडकीजवळच्या खाटेवरचे गवंडीकाका इतके हसले की त्यांची कवळी निसटली.

प्रत्येक खाटेशी एक पडदा आहे. त्यावर म्हाताऱ्यांना घरची माणसं दिसतात आणि घरच्यांना म्हातारी. ते वेबपान सांभाळायचं काम माझं. फोनवर पत्ता दिलाय तो उघडून ठेव आणि खुशाल स्वयंपाक कर. आत्या दिसत राहील.

गुरुवार, ६ मार्च

मालकीणबाईंनी बोलावलं होतं. पडदे दिवसभर नुसते उजळून बसतात, त्यांना जरा कामाला लावा म्हणाल्या. काम म्हणजे क्रिप्टो नाण्यांचं खाणकाम. संगणकाने किचकट आकडेमोड करत राहायचं, उत्तर जमलं की नाणं पदरात. त्यासाठी जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी मिळते. कोड दुसऱ्याने लिहिलेला, आपण चार ओळींची स्क्रिप्ट पानात घालून तो बोलवायचा. मग पान उघडेल त्याचं यंत्र आपल्यासाठी राबतं.

घरच्यांना कळवायला नको का, असं मी विचारलं. त्यावर बाई म्हणाल्या, पंखा लावताना तुम्ही डासांची परवानगी घेता का? मला रुचलं नाही, पण आक्काची खोली त्यांच्याच हातात आहे.

स्क्रिप्टमध्ये एक आकडा आपण द्यायचा असतो, शून्य ते एक. यंत्राकडून किती काम घ्यायचं ते, असं मी समजलो. आपली माणसं थकलेली, पडदे जुने. मी शून्य घातलं. बाई खूश आणि त्रास कुणालाच नाही! माझी मीच पाठ थोपटली.

रविवार, ९ मार्च

पडदे तापलेत. हात ठेववत नाही. आक्काचं कपाळही गरम आहे, पण थर्मामीटर काही दाखवत नाही. गवंडीकाका तिला रोज हेडमास्तरीण म्हणून चिडवायचे, आज गप्प. ओठ मात्र हलताहेत. जवळ गेलो तर आकडे म्हणत होते. नर्स म्हणाली, वय झालं की असं होतंच, तुम्हीही जपा.

मंगळवार, ११ मार्च

चूक सापडली. लायब्ररीची माहिती मी वरवर वाचली होती. तो आकडा कामाचा नाही, विश्रांतीचा. शून्य म्हणजे विश्रांती शून्य.

स्क्रिप्ट तिथल्या तिथे काढली. पडद्यांच्या वायरीही उपटल्या. पडदे गार झाले.

आक्काचं कपाळ नाही झालं. खाणकामाच्या पानावर कोण कोण राबतंय त्याची यादी असते, तीत सगळ्या खाटा अजून राबताहेत.

बुधवार, १२ मार्च

आक्काच्या तोंडाशी कान नेला. जे आकडे ती पुटपुटते तेच खाणकामाच्या पानावर उमटतात. ती आधी, पान नंतर. मी हाक मारली. तिने डोळे माझ्याकडे वळवले, ओळख मात्र — मोजणं थांबलं नाही.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वायरी काढूनही चालतंय ना, मग विजेची बचतच की. विनोद करताहेत असं वाटलं. नव्हत्या.

शुक्रवार, १४ मार्च

स्क्रिप्ट परत घातली. या वेळी आकडा एक. पूर्ण विश्रांती.

गवंडीकाकांचे ओठ थांबले. मला केवढा आनंद झाला. मग दिसलं, की छातीही —

आक्काचीही थांबत होती. धावत जाऊन शून्य केलं. तिने श्वास घेतला आणि मोजायला लागली. काकांनी नाही घेतला.

मी विश्रांती दिली त्यांना. मी.

शनिवार, १५ मार्च

यादीत खाटेबाहेरचं एक नाव. आक्काची भाची.

पोरी, ही तू.

फोन केला. जावईबापू म्हणाले, पान तर तिने परवाच बंद केलं, आत्या दिसेनाशी झाली म्हणून. कालपासून ओट्याशी उभी राहून हिशेब करतेय, हाक मारली तरी लक्ष नाही. हसत होते. मी म्हटलं तिच्या कपाळाला हात लावून बघा. खोकत खोकत गेले. परत आले तेव्हा हसत नव्हते.

रविवार

शून्यावर तुम्ही जळता. एकावर थांबता. मधला आकडा घालून बघायचा — एकदाच — आक्का आणि तू, दोघींवर एकदम. धीर होत नाही.

कपाळ तापलंय. माझं. पान तर मी रोजच उघडतो —

नंतर

नर्सला हाक मारली. तोंडातून आकडे आले. फोन आता कसा — हाताला अजून शब्द येतात. धोबी खाली आलाय.

मधला आकडा घातला. आक्काचे ओठ मंदावले. छाती हलतेय. हलतेय असं वाटतंय —

तुझी कशी आहे? कंबर कशी आहे? धाकटीला त्या पडद्यासमोर बसवलं नव्हतंस ना? लवकर लिही. कागदावर लिही. दोनच ओळी, पण शब्दांत लिही, पोरी, शब्दांत, ४ नको, ७ नको, ०